चढणारी एक, सांगणारे सतरा

...टॉपला टाक, टॉपला टाक, टॉपला टाक! अहो, काय टॉपला टाक? समोर चढ, डोक्यावर ऊन, मागून पाण्याचा टँकर हॉर्न मारतोय, माझे गुडघे म्हणतायत बाई गं थांब आता, आणि हा माणूस बाजूने स्कूटरवरून ओरडतोय, "कुंदा, टॉपला टाक! टॉपला ॲव्हरेज मिळतो!" आता तुम्हीच सांगा, त्या क्षणाला मी ॲव्हरेज घेऊन काय करणार होते? चाटणार होते?

हसू नका. हसताय काय! तुम्हाला सांगते, चढणारी एक आणि सांगणारे सतरा, अशी गत झाली होती माझी, आणि त्या सतरांतले सोळा एकट्या आमच्या ह्यांच्यात राहतात.

हे म्हणजे नंदकिशोर, माझे मिस्टर. विम्याच्या ऑफिसातून रिटायर झालेत. माणूस तसा गरीब हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, जेवणात मीठ कमी पडलं तर मुकाट्याने वरून घेणारा. पण गाडीचा विषय निघाला की अंगात येतं! आमची सोसायटी दिंडोशीला, टेकडीवर. गेटपासून खालच्या नाक्यापर्यंत सगळा उतार. तर हे काय करतात, गेटबाहेर पडले की स्कूटरचं इंजिन बंद करतात. बंद! आणि सगळा उतार स्कूटर अशी सुंऽऽ करत नुसती घरंगळत न्यायची. मी मागे. लग्न झाल्यापासून मागेच, एका हातात पर्स, एका हातात पिशवी, आणि खाली रिक्षा आडवी आली की माझं नाक ह्यांच्या पाठीवर. नाक्यावर पोचलो की मान वळवून म्हणणार, "बघितलंस? एक थेंब पेट्रोल जळलं नाही." जसं काही विहीर खणून पेट्रोल काढलंय ह्यांनी.

बरं, उतरणं झालं. पण चढायचं कसं? आमच्या नाक्यावर रिक्षावाल्याला तुम्ही 'ऊपर सोसायटी' म्हणून बघा. तो तोंडाने नाहीसुद्धा म्हणत नाही. नुसती हनुवटी अशी वर करतो, आणि लांब कुठेतरी बघतो. फार मागे लागलात तर, "ऊपर नहीं जाएगा मॅडम, गाडी खिंचती नहीं." अरे मग गाडी कशाला म्हणतोस तिला!

म्हणजे माझं काय झालं, की मला जाता येतं, परत येता येत नाही. आणि परत येता येत नाही म्हटल्यावर माणूस मग जाईनासाच होतो, नाही का? नाटकाला जायचंय, हे न्यायला येतील ना? मैत्रिणीकडे हळदीकुंकू, हे आणायला येतील ना? येतात हो, खोटं कशाला बोलू, नाही कधी म्हणत नाहीत. पण कसे येतात? मी नाक्यावरून फोन करणार, आणि हे म्हणणार, "थांब जरा, एवढ्या बातम्या संपू देत." आता मला सांगा, हल्लीच्या बातम्या संपतात का कधी? एक भांडण संपलं की दुसरं सुरू. मी तिथे रसवंतीवाल्यासमोर उभी, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर, आणि तो आपला बघतोय ही बाई रस पिणार आहे की नुसतीच नाचणार आहे.

कारण मला एका जागी बसवत नाही! पायाला भिंगरी आहे माझ्या. स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते दार, दारातून परत आत. आमची गार्गी, मुलगी माझी, बंगळुरूला असते नोकरीला, ती फोनवर विचारते, "आई, तू बोलता बोलता चालतेयस ना? श्वास लागलाय तुला." चालते म्हणजे काय, वाघीण फिरते तशी फिरतेय तीन खोल्यांत! एकदा असंच फिरता फिरता मी तिला म्हटलं, "गार्गी, मला ना एकदा कुणाला न विचारता खाली जायचंय आणि कुणाला न विचारता वर यायचंय. बस. बाकी काही नको." बोलून गेले आणि विसरून गेले.

पोरगी विसरली नाही! माझ्या वाढदिवसाला हे एवढं मोठं खोकं दारात. ह्यांना वाटलं फ्रिज आला. उघडून बघतो तर सायकल. निळी. बॅटरीवाली! मधल्या दांड्यात बॅटरी, मागच्या चाकात मोटर, हँडलला छोटी टीव्हीसारखी काच. मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी तिथेच हॉलमध्ये तिच्यावर बसले आणि घंटी वाजवली. आणि हे काय म्हणाले असतील? खोक्याकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं, माझ्याकडे नाहीच बघितलं, आणि म्हणाले, "ॲव्हरेज किती देते?"

आता ही सायकल कशी असते, ते दोन मिनिटांत सांगते, कारण तिथेच सगळी वाट लागली माझी. तुम्ही पॅडल मारलं तरच मोटर जोर लावते. तुम्ही थांबलात की तीही थांबली. फुकट ओढून नेणारी नाही ती. हँडलवर डाव्या हाताला मोटरचे आकडे, शून्यापासून पाचपर्यंत. उजव्या हाताला गिअर, एक ते सात. सोपं वाटतंय ना? थांबा. मोटरकडे एक म्हणजे मदत थोडी, पाच म्हणजे रग्गड. आणि गिअरकडे एक म्हणजे पाय हलका, सात म्हणजे पाय जड! म्हणजे चढ आला की डावीकडचा आकडा वाढवायचा आणि उजवीकडचा उतरवायचा! डोकं भंजाळलं माझं! हे गार्गीने फोनवर नीट सांगितलं होतं हो. पण ती सांगत असताना हे मध्ये. "अगं, गाडीचं काय सांगतेस तिला, मी आहे ना इथे. आयुष्य गेलं माझं गिअरमध्ये!"

आणि ह्यांची शिकवण एकच. काय? टॉपला टाक. स्कूटरला टॉप गिअरला ॲव्हरेज मिळतो, तर सायकललाही टॉपलाच मिळणार. "सातवर ठेव, मोटर पाचवर ठेव, आणि गिअरला परत हात लावू नकोस. सारखे गिअर बदलले की गाडी खराब होते." मी म्हटलं, अहो मग सात दिलेत कशाला? "ते परदेशात डोंगर असतात, त्यांच्यासाठी." आणि आपण राहतो ते काय आहे? चौपाटी?

पण मी ऐकलं. का ऐकलं? सवय हो! स्कूटरवर मागे बसणाऱ्या बाईला कुठे रस्ता दिसतो, तिला नवऱ्याची पाठ दिसते.

पहिल्या दिवशी उतार झकास उतरले. नाक्यापासून पुढे सपाट रस्त्याला तर काय विचारता, अशी पळाली सायकल, मी मनातल्या मनात ओरडले! तशीच वळले, आणि सातवा गिअर, मोटर पाचवर, घुसले चढात. सुरुवातीचं थोडं गेलं तसंच, जोरात होते म्हणून. मग पाय जड. मग अजून जड. मग असं वाटलं, मागे कॅरिअरला कुणीतरी धरून बसलंय. मोटर बिचारी घूंऽऽ घूंऽऽ करतेय, बॅटरीच्या काचेवर पाच काड्या होत्या त्यातल्या दोन बघता बघता गेल्या, आणि पाण्याच्या टाकीपाशी, बरोब्बर वळणावर, सगळंच थांबलं. तेवढ्यात हे स्कूटरवरून मागून आले. "टॉपलाच आहेस ना?" म्हटलं, टॉपलाच आहे, वर गेल्यासारखीच आहे! आता गिअर उतरवावा म्हणून उभ्या उभ्याच बटण दाबलं, तीनदा दाबलं, काही होईना. मग पॅडलवर उभी राहून सगळं अंग टाकलं. खाड! चेन खाली.

हे काय करणार, स्कूटरवर मला नेणार की सायकल नेणार? "तू थांब सायकलपाशी, मी बघतो कुणी मिळतं का." आणि मिळालं कोण? मांडववाल्याचा टेम्पो. आमच्याच सोसायटीत कुणाच्या तरी बारशाच्या खुर्च्या चालल्या होत्या. तर सायकल टेम्पोत आडवी, आणि तिच्या शेजारी लाल खुर्च्यांच्या चळतीवर मी. गेटमधून माझी अशी एंट्री! आणि गेटवर कोण उभे? चंद्रप्रकाशजी, आमचे सेक्रेटरी. त्यांनी टेम्पोकडे बघितलं, मग खुर्च्यांकडे, मग मी कशी उतरते ते नीट बघितलं आणि अतिशय आपुलकीने विचारलं, "भाभीजी, ॲव्हरेज कितना देती है?"

तुम्हाला सांगते, चढणारी एक, सांगणारे सतरा! त्या संध्याकाळी अख्खी सोसायटी घरी आली. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, हवा जास्त भरा. चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, हवा कमी करा. कुणीतरी म्हणालं सीट खाली घ्या, कुणीतरी म्हणालं नागमोडी चढवा, आणि एक काकू, मला खरंच कळलं नाही का, पण त्या म्हणाल्या कढीपत्ता खात जा. यातल्या एकाने तरी सायकलवरून तो चढ चढला होता का? नाव नको!

मग ह्यांचा दुसरा शोध. रात्रभर विचार केला म्हणे. "कुंदा, चूक कळली. तू बॅटरी सपाटीवरच उधळतेस. ती चढासाठी राखायची." आता ही आमच्या घराची रीतच आहे हो, चांगली वस्तू राखायची. शोकेसमध्ये कपबशांचा सेट आहे, पाहुण्यांसाठी राखलेला. लग्नात आलेली चादर आहे, कशासाठी राखलीय ते आता कुणालाच आठवत नाही. सोफ्याचं प्लॅस्टिक आत्ताआत्ता काढलं, तेही फाटलं म्हणून. तर मोटर राखायची! शून्यावर ठेवायची, सगळं आपणच मारायचं, आणि खरी गरज लागली की चालू करायची. मला पटलं! काय करू, मीही त्याच घरात राहते.

गेले मालाडपर्यंत. मोटर बंद. आणि ती सायकल वजनाला कशी आहे माहितीय? बॅटरी, मोटर, सगळा संसार घेऊन चालते ती. मोटर बंद करून ती चालवायची म्हणजे भरलेला गॅस सिलेंडर मांडीवर घेऊन बसल्यासारखं आहे. आणि गिअर? सात! कारण टॉपला ॲव्हरेज! जाऊन आले, नाक्यावर पोचले तर पाय लटपट, तोंड लाल, घशाला कोरड, आणि बॅटरीकडे बघते तर पाचच्या पाच काड्या शाबूत. बॅटरी फुल, मी संपलेली! तिथे मोटर केली पाचवर आणि मारलं पॅडल. अहो, मारायला पाय नको का शिल्लक? सातव्या गिअरला पॅडल एक फेरा फिरेना, पॅडल फिरेना म्हणून मोटर सुरू होईना, मोटर सुरू होईना म्हणून पॅडल फिरेना. शेवटी उतरले आणि ढकलत नेली. सगळा चढ. भर दुपारी. धापा टाकत दारात आले, तर हे काच बघतायत. "वा! किती वाचवलीस!"

मी सरळ आत गेले आणि आडवी झाले. आणि आडवी पडल्या पडल्या ऐकलं. हे हळू आवाजात फोनवर. बोरीवलीला माझी नणंद, वनमाला, तिच्याशी. "अगं, तिला नाही झेपत. वय झालं आता. पडली-बिडली तर केवढ्याला. केयूरला देऊन टाकू, कॉलेजला होईल त्याला. रविवारी पाठव."

झेपत नाही? वय झालं?

सांगू का, मला राग नाही आला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. कारण ते काही दुष्टपणाने बोलत नव्हते, काळजीने बोलत होते, आणि काळजीपुढे भांडता येत नाही. केयूर माझा भाचा, तोही चांगला मुलगा, मामी मामी करतो. पण ती सायकल माझी होती. आयुष्यात पहिलं चाक होतं जे माझ्या एकटीच्या नावाने दारात आलं होतं, आणि ते रविवारी बोरीवलीला जाणार होतं. उठले आणि बाल्कनी ते दार, दार ते बाल्कनी... हे विचारतायत, "काय झालं? शतपावली घालतेस?" म्हटलं, हो, शतपावलीच.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा डोळा लागल्यावर गार्गीला फोन लावला. म्हटलं, बाबा झोपलेत, पटकन सांग, अगदी पहिल्यापासून सांग, मला अडाणी समजून सांग. पोरगी आधी दोन मिनिटं हसली. टेम्पोचं सांगितलं तेव्हा जास्तच हसली. मग म्हणाली, "आई, तुला स्कूटर चालवायची नाहीये. पाय किती जोरात दाबतेस त्याला महत्त्व नाही, पाय फिरत राहिले पाहिजेत. हलके आणि भराभर. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर उतरव. चढात शिरल्यावर नाही, आधी! आणि उतरवताना पाय फिरता ठेव, पण जोर काढून घे. मोटर दोनवर पुरे, फार तर तीन. तुझे पाय भराभर फिरले की मोटरलाही जड जात नाही, मग ती बॅटरी खात नाही." आणि मग म्हणाली, "तू सगळं तिच्यावर टाकू नकोस आणि सगळं एकटीनेही ओढू नकोस." मी म्हटलं, गार्गी, हे तू सायकलीचं सांगतेयस ना? म्हणाली, "सायकलीचंच सांगतेय. का?" म्हटलं, काही नाही, सहज.

मग काय, रोज दुपारी हे घोरायला लागले की मी खाली पार्किंगमध्ये. खांबांभोवती गोल गोल गोल! आधी काही जमेना. पायाला सवय जोर लावायची, हलकं फिरवायचं म्हटलं की पाय वेडेवाकडे जायचे. मग एकदा लक्षात आलं, हे तर बासुंदी आटवण्यासारखं आहे. जोरात नाही ढवळायची, पण हात थांबवायचा नाही, थांबलात की तळाला लागलं. बस्स! जमलं! गिअर टिक, टिक, टिक करत अलगद उतरायला लागले, चेन शहाण्यासारखी जागेवर. मी एवढी खूश, की गात होते गं बाई मी! तर चंद्रप्रकाशजी जिन्यातून, "भाभीजी, पार्किंग में राउंड मारना अलाउड नहीं है। कमिटी का रूल है।" कुठला रूल? कधी झाला? "अभी सोचा है।"

रविवार उजाडला. सकाळी वनमालाताईंचा फोन, "वहिनी, केयूर निघाला हं! हेल्मेटसुद्धा घेतलं त्याने, निळं, मॅचिंग." मॅचिंग! मी फोन ठेवला, ओढणी बांधली कमरेला आणि सायकल काढली. हे दाढी करत होते. "कुठे?" म्हटलं, खाली. "आत्ता? अगं केयूर येतोय!" येऊ दे. "कुंदा, पडशील!" पडेन. अर्ध्या गालाला साबण तसाच, हे स्कूटर घेऊन माझ्या मागे. आणि इतक्या घाईतसुद्धा, तुम्हाला खोटं वाटेल, गेटबाहेर पडल्यावर ह्यांनी इंजिन बंद केलं!

नाक्यावर वळले. समोर सगळा चढ. चढाच्या आधी उजवीकडे टिक, टिक, टिक, टिक, दुसऱ्या गिअरवर. पाय हलके झाले, भराभर फिरायला लागले, इतके भराभर की रसवंतीवाला बघतच राहिला. डावीकडे मोटर दोन. शिरले चढात. आणि गेले! अहो, जात होते मी! हळू जात होते, कडेने पायी चालणारी माणसं जवळजवळ माझ्याबरोबरच होती, पण जात होते, आणि मोटर आपली मांजरीसारखी गुरगुरत होती खाली. आणि बाजूने सुरू! "कुंदा, अगं दोनला काय टाकलंस? फुकट पाय मारतेयस! टॉपला टाक! मोटर पाच कर! अगं ॲव्हरेज!" टँकरवाला म्हणतोय, "आंटी, साइड!" वॉचमन वरून हात हलवून सांगतोय, कडेने या. भाजीची गाडी ढकलणारा म्हणतोय, "ताई, दम घ्या." चढणारी एक, सांगणारे सतरा!

आणि पाण्याच्या टाकीच्या वळणावर ह्यांनी जे काही ओरडून "टॉऽऽप!" म्हटलं, माझा अंगठा हलला हो! माझ्या मनात नव्हतं, पण अंगठ्याने ऐकलं. अंगठ्याला इतक्या वर्षांची सवय! टिक, टिक, टिक, गिअर चढले पाचवर आणि पाय दगड. सायकल डगमगली. समोर गटाराचं झाकण. डोळ्यांसमोर काय आलं सांगू? निळं हेल्मेट आलं! म्हटलं मेले. आणि मग तसंच, दात ओठ खाऊन, पायातला जोर काढून घेतला पण पाय फिरता ठेवला, मोटर तीनवर, आणि उजवा अंगठा, टिक... टिक... टिक... टिक... पहिला गिअर! पाय सुटले! सुटले हो माझे पाय!

आणि तेवढ्यात मागे एक विचित्र आवाज. खट, खट, खट, फुस्स. हे! माझ्या वेगाने चालायचं, म्हणजे पायी चालायच्या वेगाने, आणि स्कूटर कशात? टॉपला! ती बिचारी थरथरली, खोकली आणि टाकीपाशी बंद पडली. आणि किका मारतायत आणि ओरडतायत, "कुंदाऽऽ! अगं थांब! कुंदा!"

आता बघा. लग्न झाल्यापासून ह्यांनी कुंदा म्हटलं आणि मी थांबले नाही, असं झालेलं नाही. भांडून तोंड फिरवून चालले असले तरी थांबलेय. पण चढावर थांबलं की परत निघता येत नाही, आणि मला माहीत होतं की मी आत्ता थांबले तर सायकल बोरीवलीला. नाही थांबले. रडू येत होतं आणि पाय फिरत होते. ते कुंदा, कुंदा लहान लहान होत गेलं, आणि मी गेटात.

गेटात केयूर. निळं हेल्मेट डोक्यात घालून उभा, पट्टा लावलेला. मी त्याच्यासमोर ब्रेक मारला, उतरले, मोटर बंद केली. काचेवर बघितलं तर पाचातल्या चार काड्या. तो हेल्मेट न काढताच म्हणाला, "मामी! एक नंबर! झकास!" आणि मग सायकलभोवती एक फेरी मारून, खाली वाकून, "मामी, ॲव्हरेज किती देते गं?" रक्तातच आहे हो त्यांच्या! मी त्याला पोहे खायला घातले आणि बसने परत पाठवला. हेल्मेट मात्र ठेवून घेतलं. मॅचिंग होतं ना.

हे आले नंतर, स्कूटर ढकलत. गालावरचा साबण वाळलेला. पाणी प्यायले, फॅनखाली बसले आणि म्हणाले, "वनमालेला फोन करतो. सायकल राहू दे इथेच." आणि थोडं थांबून, "जमतं गं तुला." एवढंच म्हणाले. एवढं पुरे होतं मला. त्या संध्याकाळी मी चक्क दोन तास एका जागी बसले. गार्गी फोनवर म्हणाली, "आई, बरी आहेस ना? श्वास लागला नाहीये तुला."

तर दुसऱ्या दिवशी सकाळी, आवरलं, छान साडी नको म्हणून छान ड्रेस घातला, हेल्मेट घातलं, बॅटरी रात्रभर लावून फुल. ह्यांना विचारलं नाही. सांगितलंसुद्धा नाही. नुसतं दार ओढून निघाले. काय वाटत होतं म्हणून सांगू! उतरले खाली, नाक्यावर सिग्नलला थांबले, निघताना जड नको म्हणून थांबण्याआधी गिअर उतरवला, मोटर एकवर. सगळं अगदी गार्गीने सांगितल्यासारखं. डावीकडे गोरेगाव. उजवीकडे मालाड. पुढे हायवे, हायवेने गेलं की बोरीवली, जाईन तिथे मुंबई. सिग्नल हिरवा झाला.

आणि माझ्या लक्षात आलं, की कुठे जायचं ते ठरवलंच नाहीये.

म्हणजे सुचेचना! इतकी वर्षं नुसतं जायचंय, जायचंय, जाता येत नाही, आणि आता जाता येतंय तर, कुठे? मालाडला माझं माहेर होतं, तिथे आता टॉवर झालाय, आई राहिली नाही. मृणालिनी, माझी जिवाभावाची मैत्रीण, ती मुलाकडे नाशिकला गेली कायमची. दुसरीला फोन लावला तर म्हणाली, "आज नको गं, आज माझ्याकडे पेस्ट कंट्रोल आहे." नणंदेकडे जावं तर हेल्मेट मागेल. सिग्नल लाल झाला, परत हिरवा झाला, मागून हॉर्न, मी तिथेच, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. शेवटी कडेला भाजीवाली बसते ती म्हणाली, "ताई, काय देऊ?" आता काहीतरी बोलायला नको का? म्हटलं, दे एक कोथिंबिरीची जुडी.

वळले. आधीच गिअर उतरवला, मोटर दोन, पाय हलके, एकदाही न थांबता वर. कुणी बघायलासुद्धा नव्हतं. बेल वाजवली, ह्यांनी दार उघडलं, म्हणाले, "एवढ्यात आलीस?" म्हटलं, हो, काम होतं, झालं. आत गेले, फ्रिज उघडला, जुडी ठेवायला...

अहो, कोथिंबीरसुद्धा घरात होती!